बलस्थानं कुठे लिहायची? ऑटिझमच्या तपासणीची पार्श्वभूमी

पुण्यात मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं कळलं की थेरपीच्या शोधाबरोबर पालकांची धावपळ सुरू होते ती यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातून मिळणारं प्रमाणपत्र ‘आयएसएए’ या भारतीय मापनश्रेणीवर ठरतं. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली की ऑटिझम. गुण वाढतील तशी तीव्रता वाढते. त्यातला ३९ वा मुद्दा आहे असाधारण स्मरणशक्तीचा, ४० वा एखाद्या विषयातल्या अचाट कौशल्याचा. म्हणजे स्वारगेटहून सुटणाऱ्या बसचे सगळे नंबर एखाद्या मुलाला तोंडपाठ असतील, तर ही हुशारीही अपंगत्वाच्या खात्यात जमा!

मुलाच्या बलस्थानांपासून तपासणीची सुरुवात करणारे मानसशास्त्रज्ञ या हिशेबाला आक्षेप घेतात. पण हा हिशेब आला कुठून?

अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांची विलक्षण पाठांतरशक्ती आवर्जून नोंदवली होती. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स अॅस्पर्गर यांनी आपल्याकडच्या मुलांच्या बुद्धीचं मोकळेपणानं कौतुक केलं. मात्र याच अॅस्पर्गर यांनी काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या नाझी संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. तिथे अपंग मुलांना ठार मारलं जाई. हेरविग चेक या इतिहासकारानं २०१८ मध्ये ही कागदपत्रं मांडली. ‘उपयोगी’ मुलांपुरतंच कौतुक किती धोकादायक असतं, याचा याहून भीषण दाखला मला तरी माहीत नाही.

नंतर उणिवांच्या याद्या पक्क्या होत गेल्या. १९८० च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती निकषांच्या रूपात. त्याला कारणही होतं. दोन डॉक्टरांचं निदान जुळायला हवं, आणि मदत मागायची तर अडचण दाखवावीच लागते.

याद्यांना तडा गेला तो चाचण्यांच्या बाजूनं. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला आकार शोधण्यात ऑटिस्टिक मुलं सरस ठरतात. २००७ मध्ये मिशेल डॉसन (त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत), लॉरां मोट्रों आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक मुलांच्या एकाच गटाला दोन बुद्धिमापन चाचण्या दिल्या: तोंडी प्रश्नांवर बराच भर असलेली वेक्स्लर आणि आकृत्यांवर चालणारी रेव्हन. रेव्हनमध्ये मुलं सरासरी ३० शतमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत जणू ३० जागांनी, वर गेली. २०१५ चा अभ्यास तर जवळजवळ न बोलणाऱ्या ३० ऑटिस्टिक मुलांचा होता. वेक्स्लर एकालाही पूर्ण करता आली नाही. रेव्हनची रंगीत चाचणी २६ जणांनी पूर्ण केली. मुलं तीच होती, बदलली होती फक्त विचारण्याची रीत.

पुण्याला ही दृष्टी परकी नसावी. सदाशिव पेठेत १९६२ मध्ये सुरू झालेली ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीला धरून बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे तपासत आली आहे. पण ती सोय बुद्धिमान मुलांसाठी. बोलायला उशीर झालेल्या मुलाबद्दल ‘याला काय येतं?’ असं क्वचितच कुणी विचारलं.

तरीही आयएसएएला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, २००९ मध्ये ही मापनश्रेणी तयार झाली आणि २०१६ च्या कायद्यानं २१ अपंगत्वांत त्याला जागा दिली. उणिवा मोजल्या गेल्या म्हणूनच सवलतींचं दार उघडलं.

म्हणून बलस्थानांवर भर देणारा मानसशास्त्रज्ञ निदान टाळत नाही, की अडचणी झाकत नाही. तो मूल एकटं असताना काय करतं हे आईबाबांना आधी विचारतो, शब्दांवर न अडणारी चाचणी निवडतो, खोलीतला पंखा खटखटत असेल तर तो बंद करतो. अहवालात मूल कशातून शिकतं, कशानं बिथरतं आणि वर्गात कुठे बसवावं हे लिहितो. प्रमाणपत्राच्या कागदावर यासाठी रकाना नाही. त्यामुळे ‘आमचा मुलगा आकृत्यांवरून पटकन शिकतो’ हे शाळेला सांगायला पालकांना हा दुसरा अहवाल वेगळा, बहुतेकदा पदरमोड करून, करून घ्यावा लागतो.