तुमचा बोअर नक्की किती फूट? कॅमेरा सोडताना आम्ही खोली कशी मोजतो

मालक म्हणतो सहाशे फूट, बोअर गाडीच्या पावतीवर ६२० आणि बोअरमध्ये कॅमेरा सोडल्यावर आमच्या केबल मोजणाऱ्या काउंटरवर ५९०. यात कोणी खोटं बोलतंय असं नाही. गाडीवाला रॉड मोजतो. रॉड बहुधा २० फुटी असतो आणि शेवटचा अर्धाच खाली गेला तरी हिशेबात पूर्ण धरला जातो. पुढे तळाला गाळ बसतो, तो पावतीवर कुठून येणार? म्हणून आमचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. तो कसा काढला ते विचारा.

दहा फुटांनी काय बिघडतं, असं पुष्कळजण म्हणतात. बिघडतं. ४१० फुटांवर झरा आहे आणि मोटर त्याच्या खाली लटकली, तर येणारं पाणी वरच्या वर पंपात शिरतं, मोटरच्या अंगावरून वाहतच नाही. मोटर तापते आणि जळते. तळ चुकला तर मोटर गाळात बसते. बोअर ढासळलेली जागा चुकली, तर तिथे मोटर अडकून बसण्याची भीती.

केबलला यंत्र बांधून विहिरीत सोडायची रीत तेलवाल्यांची, म्हणजे खनिज तेल काढणाऱ्यांची. १९२७ साली फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे अशी पहिली विद्युत नोंद, म्हणजे कुठल्या खोलीवर खडक विजेला किती अडवतो याची नोंद, घेतली गेली. तेलविहीर हजारो मीटर खोल आणि तेल असतं ते काही मीटरच्या थरात. विहिरीत बसवलेल्या पाइपाला भोकं चुकीच्या जागी पाडली तर तेलाऐवजी पाणी वर येतं. त्यामुळे खोली मोजण्यात त्यांनी फार डोकं घातलं. त्यातलं आपल्या बोअरला लागू पडेल तेवढं आम्ही उचललं आहे.

केबल एका चाकावरून जाते आणि चाकाचे फेरे मोजून काउंटर खोली दाखवतो. सगळी गोम या चाकात आहे. आमच्या चाकाचा परीघ ५० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे १५९ मिलिमीटर. व्यास १ मिलिमीटरने झिजला तर ६०० फुटांना जवळपास पावणेचार फूट जास्त दिसतात. चाकावर चिखल चढला तर उलटं, खोली कमी दिसते. तेलविहिरीत अशाच चाकाची झीज मिलिमीटरचा फक्त दहावा भाग असली, तरी ३००० मीटरवर जवळपास २ मीटरची चूक होते. चाक घसरलं तरीही खोली कमीच भरते. तेलवाले म्हणूनच दोन चाकं लावतात आणि ज्याचा आकडा जास्त त्याचा धरतात. आमच्याकडे चाक एकच आहे. पण केबलवर दर ५० फुटांना खूण आहे. ती पोलादी टेपने, केबलला ताण देऊन केलेली असते. खूण चाकापाशी आली की आमचा माणूस काउंटरशी ताडून पाहतो. तुम्हीही शेजारी उभे राहून बघा.

कॅमेरा गाळावर टेकला की केबल सैल पडते, पण चाक फिरतच राहतं आणि नसलेली खोली मोजली जाते. म्हणून आकडे आम्ही कॅमेरा वर ओढताना लिहितो, तेव्हा केबल ताणलेली असते. तेलवालेही बहुतेक नोंदी वर येतानाच घेतात. तिथे केबल स्वतःच्या वजनाने काही मीटर ताणली जाते, त्याचा वेगळा हिशेब करावा लागतो. आपल्या खोलीला तो नगण्य. उन्हाळ्यात केबल वाढते का, हा प्रश्न मे महिन्यात हमखास येतो. वाढते, पण ६०० फुटांना दोन इंचही नाही, सोडून द्या.

शून्य कुठे धरला हे मात्र अहवालात बघाच. आम्ही केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या) तोंडावर रंगाची खूण करतो आणि ती जमिनीपासून किती वर आहे ते लिहितो. पुढे शेतात गाळ टाकलात किंवा ओटा बांधलात तर जमीन वर येईल, खूण तिथेच राहील. काम संपल्यावर कॅमेरा पुन्हा त्या खुणेवर आणतो. काउंटर तेव्हा शून्यावर यायला हवा. अर्ध्या फुटापेक्षा जास्त फरक दिसला तर चाक पुसून पुन्हा कॅमेरा सोडतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पोलादी केसिंगचे जोड चुंबकाने ओळखून तेलवाले खोली पक्की करतात. आपल्याकडे केसिंग वरच्या मुरमापुरतंच, म्हणून आम्ही कॅमेऱ्यात केसिंगचं खालचं टोक बघतो आणि पाइप किती घातले होते ते तुम्हाला विचारतो. जवळच दुसरा बोअर असेल तर गेरूचा लाल थर दोन्हीकडे साधारण एकाच पातळीला दिसतो. जमिनीचा चढउतार वजा करून तेही ताडता येतं.

किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे बोअर घेतला, तेव्हा काळा पाषाण जवळपास ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फुटांपर्यंत लागला. त्याखाली ग्रॅनाइट. म्हणजे आणखी खाली गेलं तरी बहुधा तोच पाषाण. तेव्हा "अजून शंभर फूट जाऊ द्या" म्हणण्याआधी आहे त्या बोअरमध्ये झरे कुठे आहेत ते बघून घ्या. आमचा दर फुटावर नाही, कॅमेऱ्याच्या फेरीवर आहे.

येण्याआधी मोटर आणि पाइप बाहेर काढून ठेवा. पाणी गढूळ असेल तर एक दिवस निवळू द्या. केसिंगच्या पाइपांची पावती असेल तर तीही हाताशी असू द्या.