रोज फिरता, पण हात न टेकता उठता येते का?

सकाळी अर्धा-पाऊण तास फिरून येणाऱ्या, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांना सोफ्यावरून उठताना मात्र दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. फिरणे नियमित आहे, म्हणजे पायांचा व्यायाम झालाच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते आणि ती अर्धीच खरी आहे. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना मांडीच्या स्नायूंची थोडीशीच ताकद खर्ची पडते. खुर्चीवरून उठताना, बसच्या उंच पायरीवर चढताना किंवा अडखळल्यावर तोल सावरताना त्याच स्नायूंना फार मोठा जोर आणि तोही झटकन लावावा लागतो. खुर्चीवरून उठण्यासाठी तरुण माणसाला मांडीच्या पुढच्या स्नायूची निम्म्याहून कमी ताकद पुरते. सत्तरीतल्या व्यक्तीला त्याच कामासाठी पाऊण हिश्शाच्या आसपास ताकद लागते, असे मोजमापांत दिसून आले आहे. उठणे अजून जमत असले, तरी हाताशी शिल्लक फारच थोडी उरलेली असते.

ही शिल्लक कमी होण्याचे कारण निव्वळ स्नायू बारीक होणे हे नाही. मांडीच्या स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात: सावकाश आकुंचन पावणारे, पण लवकर न थकणारे, आणि झटकन आकुंचन पावून मोठा जोर लावणारे. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निघालेली एकेक चेतापेशी अशा तंतूंच्या एकेका गटाला हुकूम देते. साठीनंतर या चेतापेशी हळूहळू कमी होऊ लागतात. पोरके झालेले काही तंतू शेजारची चेतापेशी आपल्या ताब्यात घेते, उरलेले झिजून जातात, आणि या उलथापालथीत जास्त नुकसान होते ते वेगवान तंतूंचे. म्हणूनच वयानुसार स्नायूचे आकारमान ज्या गतीने घटते, त्याहून त्याची ताकद अधिक वेगाने घटते आणि ती ताकद झटकन वापरण्याची क्षमता तर त्याहूनही आधी ओसरू लागते. उंबरठ्याला पाय अडखळला, तर दुसरा पाय पुढे टाकून शरीराचा भार पेलण्यासाठी मिळणारा वेळ सेकंदाहूनही कमी असतो. त्या वेळात जोर उपलब्ध झाला नाही, तर तो एकूण किती आहे याला काहीच अर्थ उरत नाही.

या वयात आता काय व्हायचे, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर १९९० साली अमेरिकेतल्या बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमात मिळाले. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. हा व्यायाम नावापुरता नव्हता. वजन प्रत्येकाच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत नेले होते. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे पावणेतीन पटींपर्यंत वाढली. मात्र मांडीच्या स्नायूचा आकार वाढला तो फक्त ९ टक्के. या दोन आकड्यांमधल्या तफावतीकडे लक्ष दिले पाहिजे, कारण पहिल्या काही आठवड्यांतली वाढ प्रामुख्याने स्नायूची नसून त्याला हुकूम देणाऱ्या चेतासंस्थेची असते, हे त्यातून दिसते. वापर नसल्यामुळे सुस्तावलेले तंतूंचे गट पुन्हा एका वेळी कामाला लागतात, त्यांना मिळणारे संदेश अधिक जलद गतीने येऊ लागतात आणि विरुद्ध बाजूचा स्नायू उगाच अडवणूक करणे सोडतो. स्नायू भरण्यास महिने लागतात. पण उठताना होणारा त्रास दीड-दोन महिन्यांत कमी झालेला जाणवू शकतो. प्रयोग केवळ दहा जणांचा होता हे खरे. पण त्याच संशोधकांनी १९९४ साली १०० वृद्धांवर केलेल्या मोठ्या प्रयोगातही ताकद दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले.

घरात वजनाचे यंत्र नसते आणि त्याची गरजही नाही, कारण उचलण्यासाठी स्वतःच्या शरीराचे वजन पुरेसे असते. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा या वयात खुर्चीच्या आधाराने काढायच्या आहेत. त्यासाठी पाठ असलेली, भक्कम, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी. मागे सरकणारी प्लॅस्टिकची हलकी खुर्ची घेऊ नये. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे पूर्ण टेकवावीत, हात छातीवर घ्यावेत, कंबर न वाकवता धड खुब्यातून पुढे झुकवावे आणि मग उठावे. उठताना शक्य तितके झटकन उठावे आणि बसताना मात्र मनात तीन-चार आकडे मोजत सावकाश बसावे. सुरुवातीला आठ-दहा वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, आणि पुन्हा एकदा तेवढ्याच उठाबशा, असे एक दिवसाआड करणे पुष्कळ झाले. हात न टेकता उठताच येत नसेल, तर बैठकीवर घट्ट घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवावी आणि काही आठवड्यांनी ती काढावी.

आपण कुठे आहोत हे पाहण्यासाठी हाच व्यायाम घड्याळ लावून करता येतो. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार हात छातीवर ठेवून सलग पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर ती शारीरिक क्षमता घटल्याची खूण समजली जाते. ही चाचणी कुणीतरी जवळ उभे असतानाच करावी, आणि तिला परीक्षेचे स्वरूप देऊ नये. महिन्यातून एकदा वेळ लिहून ठेवला की पुरे.

सावकाश बसण्यावर एवढा भर का, तर भार पेलत लांब होताना स्नायू अधिक जोर सहन करू शकतो आणि त्या मानाने हृदयावर व दमावर ताण कमी येतो. तैवानमध्ये स्थूल असलेल्या वृद्ध स्त्रियांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका गटाने बारा आठवडे केवळ जिने चढले आणि दुसऱ्या गटाने केवळ उतरले. ताकद, तोल आणि इतर अनेक बाबतींत उतरणाऱ्यांची प्रगती सरस ठरली. लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्यांनी यातून एवढेच घ्यावे की वर जाताना लिफ्ट वापरली, तरी एक-दोन मजले कठड्याला धरून सावकाश उतरण्यात फायदा आहे. ज्यांचे गुडघे उतरताना ठणकतात किंवा ज्यांना पायरीची कड स्पष्ट दिसत नाही, त्यांनी या फंदात न पडता खुर्चीवरच समाधान मानावे.

ताकदीच्या जोडीला तोल हवा. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव आणि तळपाय व घोट्यांतून येणाऱ्या संवेदना यांच्या माहितीची सांगड मेंदू अखंड घालत असतो, आणि वयानुसार हे तिन्ही मार्ग थोडे थोडे मंदावतात. ही सांगड सरावाने सुधारते. मात्र त्यासाठी तोल किंचित ढळेल अशा स्थितीत उभे राहावे लागते, आणि म्हणूनच हा सराव आधाराशिवाय करू नये. स्वयंपाकघराचा ओटा यासाठी उत्तम, कारण तो हलत नाही आणि त्याची उंची बहुधा नेमकी असते. ओट्याला धरून चवड्यांवर उंच होणे, मग टाचांवर तोलून बोटे उचलणे, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे टेकवून एका रेषेत उभे राहणे, ओट्याच्या कडेने बाजूला पावले टाकत जाणे आणि शेवटी एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, अशा क्रमाने पुढे जावे. दोन हातांचा आधार, मग एका हाताचा, मग दोन बोटांचा, अशी सवलत कमी करत न्यावी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हे करू नये.

अशा घरगुती व्यायामाचा सर्वांत पक्का पुरावा न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातून आला. तिथल्या संशोधकांनी मांड्या, पोटऱ्या आणि घोट्यांची ताकद व तोल यांचे मोजके व्यायाम बसवले. फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिकेने घरी येऊन ते शिकवायचे, आणि वृद्धांनी आठवड्यातून तीनदा, सुमारे अर्धा तास, स्वतःच करायचे, अशी ही पद्धत आहे. ६५ ते ९७ वर्षे वयाच्या १,०१६ जणांचा समावेश असलेल्या चार चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलेले आढळले आणि सर्वाधिक लाभ ऐंशी ओलांडलेल्यांना झाला. या कार्यक्रमात चालणेही होते, पण ते ताकद आणि तोलाच्या जोडीला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींतही पासष्टीपुढच्या व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाखेरीज तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे पहिला भाग सर्वांना पाठ असतो. दुसरा मात्र डॉक्टरही क्वचितच सांगतात.

योगासने आणि सूर्यनमस्कार आयुष्यभर करत आलेल्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या ज्या स्त्रियांची उंची कमी झाली आहे किंवा पाठीला पोक आला आहे, त्यांनी पाठ गोल करून पुढे वाकण्याची आसने टाळावीत. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात अशा स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवे अस्थिभंग दिसले, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. स्त्रिया मोजक्याच होत्या, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पादहस्तासन किंवा पश्चिमोत्तानासन यांच्याऐवजी भिंतीला टेकून खांदे मागे नेणे आणि पाठ ताठ ठेवून खुब्यातून वाकण्याचा सराव करणे हिताचे आहे.

जोर लावताना श्वास रोखून धरण्याची सवय पुष्कळांना असते आणि त्याने रक्तदाब क्षणात चढतो. मोठ्याने आकडे मोजत व्यायाम केला, की श्वास आपोआप चालू राहतो. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची काही औषधे घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यावर अंधारी येऊ शकते, म्हणून पहिल्या उठाबशीनंतर थोडे थांबावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. गुडघेदुखी हे व्यायाम टाळण्याचे कारण ठरत नाही. उलट मांडीचे स्नायू बळकट करणे हा गुडघ्याच्या झिजेवरच्या मूळ उपचारांचाच भाग आहे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाले, तर काळजी नसावी. छातीत दडपण, अनोळखी धाप किंवा चक्कर आली, तर मात्र तिथेच थांबून डॉक्टरांकडे जावे.

स्नायू घडवायला प्रथिने लागतात आणि आपल्या ज्येष्ठांच्या ताटात त्यांचीच कमतरता असते. रात्री चहात बुडवलेली पोळी किंवा नुसता मऊ भात खाऊन झोपणारे घराघरांत सापडतील. वयस्कर शरीराला स्नायूंच्या दुरुस्तीसाठी एका वेळच्या जेवणात तुलनेने जास्त प्रथिने लागतात. मूत्रपिंडे ठीक असतील, तर दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे या विषयातले तज्ज्ञ सुचवतात. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. पातळ आमटीने ही गरज भागत नाही.

एवढे करूनही आजारपण येतेच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू नाहीसा झाला. ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर घरचे लोक प्रेमापोटी महिनाभर उठू देत नाहीत, तेव्हा किती नुकसान होत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर जेवण पलंगावर न देता खुर्चीवर बसवून द्यावे, पडल्या पडल्या घोटे वर-खाली हलवायला सांगावे, आणि घरी परतल्यावर उंच बैठकीवरून, कुणाचा तरी आधार घेऊन, आधीच्या निम्म्या उठाबशांपासून पुन्हा सुरुवात करावी.