घाटात कप का गळतो?

कंडक्टर तिकिटाचं मशीन सावरत मागे आला, माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "सर, थैली गयून रायली तुमची."

थैलीत नववीच्या घटक चाचणीचे पेपर होते. वरच्या पाच-सहा पेपरांत चहा मुरला होता, निळी शाई पसरली होती. एका पोराचे साडेसात गुण पार पुसले गेले. आठ देऊन टाकले.

मी परतवाडा ते चिखलदरा अपडाऊन करणारा विज्ञानाचा मास्तर. रोजची एसटी, रोजचा घाट, आणि सोबत घरचा चहा. कागदी कप सोडला, कारण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि गरम चहा त्यातले बारीक कण सोबत घेऊन येतो. शिवाय स्वतःचं भांडं सोबत बाळगायला लाजायचं कशाला? शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा फुटकं गाडगं घेऊनच गावोगाव फिरले. पण त्यांच्या गाडग्याला झाकण नव्हतं, म्हणून गळण्याचा प्रश्नही नव्हता. माझ्या कपाला झाकण होतं, आणि खोक्यावर छापलं होतं, '१०० टक्के लीकप्रूफ'.

दुकानदारानं नळाचं पाणी भरून, कप उलटा करून, वर दोन झटके देऊन दाखवला होता. थेंब पडला नाही. घरी मीही तेच केलं, तरी थेंब नाही. मग आठवडाभर लक्ष ठेवलं तेव्हा गंमत कळली. परतवाड्याहून धामणगाव गढीपर्यंत, म्हणजे सपाटीवर, कप कोरडा. घाट लागून चार-सहा वळणं झाली की ओला. एक जुने सहकारी म्हणाले, "सकाळी सकाळी चहा सांडणं चांगलं नाही, आज तपासणी येते पाहा." तपासणी आली नाही. आली असती तर ते वर्षभर सांगत राहिले असते. न आलेल्या तपासण्या कोणी मोजत नाही, आणि शकुन-अपशकुनाचं सगळं दुकान या न मोजण्यावरच चालतं.

तर घाटात वेगळं काय होतं? वळणावर थैली आडवी होते, हे उघड आहे. धक्के जास्त बसतात, हेही. तिसरी गोष्ट लक्षात आली ती पुढच्या बाकावरच्या पोरामुळे. त्याच्या हातातलं चिप्सचं पाकीट परतवाड्याला साधं होतं, वर पोचेपर्यंत उशीसारखं टम्म फुगलं. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या थोडं वर. सातशे-साडेसातशे मीटर चढलो की डोक्यावरची हवा तेवढी कमी होते आणि बाहेरचा दाब साधारण ८ टक्क्यांनी उतरतो. पाकिटातली हवा तीच, बाहेरून दाबणारी कमी झाली, म्हणून पाकीट फुगतं. कप फुगू शकत नाही. तो गळतो.

इथेच थांबलो असतो तर लेख छोटा झाला असता. पण ८ टक्के मला पुरेना. एवढ्याशा फरकानं झाकण हार मानत असेल तर ते झाकण कसलं? शिवाय एक गोष्ट हिशोबातून सुटली होती, ती म्हणजे माझी स्वतःची सवय. धामणगाव गढीला बस थांबते तेव्हा मी अर्धा चहा पितो आणि झाकण परत लावतो. म्हणून एके दिवशी चहा न पिता, भरलेला कप मुद्दाम आडवा घालून घाट चढलो. थैली जवळजवळ कोरडी. दुसऱ्या दिवशी अर्धा पिऊन तसाच आडवा घातला. रुमाल ओला. चहा कमी, तर गळती जास्त! उथळ पाण्याला खळखळाट फार, असं आपण माणसांबद्दल म्हणतो, पण इथे ते कपाला अक्षरशः लागू पडत होतं.

कारण गळतो चहा, पण त्याला ढकलते ती कपातली रिकामी जागा. आता या रिकाम्या जागेत जरा शिरू या. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे, त्यामुळे थोडा लांबेल.

झाकण उघडलं की आत बाहेरची ताजी हवा येते. समजा ती ३० अंशांची आहे आणि चहा ७० अंशांचा. झाकण बंद केलं. आता दोन गोष्टी घडतात. पहिली शाळेत शिकलेली, हवा तापते आणि तिचा दाब वाढतो. किती? इथे अंश सेल्सियस कामाचे नाहीत, केल्व्हिन घ्यावे लागतात, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे. ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन, ७० अंश म्हणजे ३४३. वाढ १३ टक्के. फार नाही.

दुसरी गोष्ट दिसत नाही, आणि खरी दांडगाई तिचीच. चहा म्हणजे बहुतांशी पाणीच. त्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटून वरच्या जागेत येत असतात, आणि वरचे काही परत खाली पडत असतात. बसस्टँडवर जसे चढणारे-उतरणारे असतात तसं. जाणारे आणि येणारे सारखे झाले की वरची जागा वाफेनं 'संपृक्त' झाली. या वाफेचा स्वतःचा असा दाब असतो, आणि तो हवेच्या दाबात सरळ मिळवायचा असतो. एकाच जागेतले वायू एकमेकांची पर्वा न करता आपापला दाब देतात, हे जॉन डाल्टननं १८०१ च्या सुमारास सांगितलं.

पाण्याचा हा बाष्पदाब ३० अंशांना वातावरणाच्या जेमतेम ४ टक्के असतो. ६० अंशांना सुमारे २० टक्के, ७० ला ३१, ८० ला ४७, ९० ला ६९ आणि १०० ला पूर्ण १०० टक्के. शंभराला पाणी उकळतं याचा अर्थच तो. आकड्यांची चाल बघा. तापमान पायरी-पायरीनं चढतं आणि दाब उड्या मारतो. असं का? द्रवातून सुटायला रेणूकडे ठरावीक ऊर्जा लागते. सरासरी रेणूकडे ती नसते, फक्त वरच्या टोकाच्या मूठभरांकडे असते. तापमान थोडं वाढलं की सरासरी थोडीच वाढते, पण त्या मूठभरांची संख्या भराभर वाढते. दहावीच्या निकालात वर्गाची सरासरी दोन गुणांनी सरकली की नव्वदीच्या वर जाणारी पोरं एकदम दुप्पट दिसावीत, तसंच काहीसं.

म्हणजे माझ्या कपात हवेचे १३ आणि वाफेचे ३१. बाहेरून आलेल्या हवेत थोडी वाफ आधीच होती, ती वजा केली तर जवळपास ४० टक्के जादा दाब. घाटाचे ८ टक्के याच्यापुढे किरकोळ. झाकणाचा व्यास ७ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटीमीटर. कागदावर हिशोब केला तर आतून झाकणाला १५-१६ किलोचा रेटा. प्रत्यक्षात एवढा होत नाही, कारण झाकण लावेपर्यंत आतली हवा थोडी तापलेली आणि ओलसर झालेली असते. पण निम्मा धरला तरी नुसतं दाबून बसवलेलं झाकण ढिलं करायला तो पुरतो.

धक्क्यांचं काम इथे आहे. चहा शांत असेल तर वाफ वर भरायला वेळ लागतो. खड्ड्यातून बस आपटली की चहा कपभर उडतो, हवेत मिसळतो, आणि तापणं-संपृक्त होणं एका झटक्यात उरकतं. अर्ध्या कपात उडायला जागाही जास्त. वर पुन्हा कप आडवा. उभ्या कपात झाकणाशी वायू असतो, फट असली तर नुसता 'फुस्स' होऊन निघून जातो, आपल्याला कळतही नाही. आडव्या कपात झाकणाशी चहा असतो, आणि वायू मागून त्याला पिचकारीसारखा ढकलतो. रिकामी जागा जितकी मोठी, तितकी पिचकारी लांब चालते. २०० मिलिलिटर रिकामी जागा नुसत्या घाटाच्या ८ टक्क्यांनी फुगली तरी १५-१६ मिलिलिटर चहा बाहेर. म्हणजे तीन चमचे झाले. साडेसात गुण पुसायला तेवढे पुरे.

आता दुकानदाराची परीक्षा का फसवी होती ते कळेल. नळाच्या पाण्यानं आत दाब तयारच होत नाही. शिवाय ८० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ तिपटीनं पातळ वाहतं, त्यामुळे ज्या फटीतून थंड पाणी सरकत नाही तिथून गरम चहा पाझरतो. थंड पाण्यानं कप तपासणं म्हणजे पोहण्याची परीक्षा अंगणात घेणं.

घरी हा सगळा हिशोब सांगत बसलो होतो. आई कुकर लावत होती. तिनं न वळता विचारलं, "रिंग उलटी तं नाही बसली? पाय बरं." रिंग सुलटीच होती, पण तिच्या हातातल्या कुकरकडे बघून मला उरलेलं उत्तर मिळालं. आमचा कुकर आतल्या झाकणाचा. झाकण तिरपं करून आत घालायचं आणि खालून वर ओढून बसवायचं. आत वाफ जमली की ती झाकणाला काठावरच्या रिंगेवर आणखी दाबते. म्हणजे दाब वाढेल तसं भांडं जास्त घट्ट. कपाचं झाकण उलट, बाहेरून बसतं, आणि आतला दाब त्याला उचकटायला बघतो. कुकरमध्ये बाहेरच्या दुप्पट दाब असूनही तो गळत नाही आणि कप एवढ्याशा दाबानं गळतो, त्याचं कारण कपाच्या गरिबीत नाही, झाकणाच्या दिशेत आहे.

मग कप कसा घ्यायचा? दाबून बसणारं झाकण नको, आट्यांचं घ्या, निदान दीड-दोन फेरे फिरणारं. रेटा आट्यांनी झेलायचा, रिंगेनं फक्त फट बुजवायची. पिण्याचं छिद्र जितकं लहान तितकं बरं, कारण रेटा क्षेत्रफळावर ठरतो. एक चौरस सेंटीमीटरच्या बुचाला अर्धा किलोही सोसावा लागत नाही. बूच आतून वर येऊन बसणारं मिळालं तर उत्तम, तो छोटा कुकरच झाला. रिंग सिलिकॉनची असावी, उकळत्या पाण्याला ती दाद देत नाही, आणि ती काढून धुता यायला हवी. दुधाचा चहा रिंगेच्या खाचेत साचतो, नासतो, आणि मग थर बसून रिंग नीट टेकतच नाही. कपाचा आकार आपण एका बैठकीत पितो तेवढाच, उगाच मोठा नको. बोटभर जागा सोडून भरायचा.

बाकी खोक्यावर काय काय छापलेलं असतं ते सोडून द्या. आठवडी बाजारात मला एक कप 'चुंबकीय ऊर्जा' देणारा म्हणून दाखवला, त्याचं झाकण हातात घेतलं तर रिंगच नव्हती. तांब्याचे कप सध्या जोरात आहेत. चहा-कॉफी दोन्ही किंचित आम्लधर्मी असतात, लिंबू पिळलं तर बोलायलाच नको, आणि आम्लात तांबं उतरतं. आजीच्या तांब्याच्या भांड्यात साधं पाणी असायचं, लिंबाचा चहा नव्हे.

आणि घरी परीक्षा घ्या ती गरम पाण्याची. उकळून जरा निवालेलं पाणी अर्धा कप, झाकण घट्ट, टॉवेलात गुंडाळून मोरीवर दहा-बारा झटके, मग जुन्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं आडवा. कागदावरचा डाग खोटं बोलत नाही. उघडताना तोंड लांब ठेवा. रोजच्या वापरात एक सोपी युक्ती आहे, झाकण लावून कप उभा धरून थोडा हलवायचा, मग झाकण क्षणभर सैल करून 'फुस्स' होऊ द्यायचं आणि लगेच परत आवळायचं. आतली हवा आधीच तापून, वाफेनं भरून बसलेली असते, तिला आणखी ढकलायला फारसं उरत नाही.

या सगळ्या अभ्यासानंतर आट्यांचा कप घेतला. पेपर कोरडे राहू लागले. मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर वरच्याच एका टपरीवर कॉफी भरून घेतली. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, तिथून नुसता चहा पिऊन यायचं मनाला बरं वाटेना. एवढ्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, कॉफी मात्र फक्कड होती. अर्धी बसमध्ये बसतानाच प्यालो, उरलेली आईला म्हणून झाकण आवळलं, उन्हाळा नव्हता म्हणून खिडकीही उघडी ठेवली. घाट उतरून घरी पोचलो तर झाकण हलेना. कॉफी निवली, वाफेचं परत पाणी झालं, आतला दाब पडला आणि खाली आल्यावर बाहेरचा वाढला. मी जोर लावला, मग फडकं गुंडाळून लावला. शेवटी आईनं कप घेतला, झाकणावर गरम पाण्याची धार धरली. फुस्स झालं, झाकण फिरलं.

"सकायी गयते अन् संध्याकायी उघडत नाही," ती म्हणाली. "कसा कप घेतला रे बाबू तुनं?"