कपिंगचे काळे डाग म्हणजे बाहेर आलेलं विष?

कपिंग, म्हणजे त्वचेवर कप चिकटवून आतली हवा कमी करण्याचा उपचार, केल्यावर पाठीवर उठणारे गोल डाग म्हणजे स्नायूंत साठलेलं विष, आणि डाग जितका काळा तितकं विष जास्त, असं सांगितलं जातं. डाग खरेच भयंकर दिसतात, त्यामुळे पटतंही.

प्रत्यक्षात कपातली हवा कमी झाली की त्वचा वर ओढली जाते, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त त्वचेखाली झिरपतं. म्हणजे मुका मार लागल्यावर होतं तेच. पडताळायचं तर स्वतःच्या दंडाची त्वचा तोंडाने थोडा वेळ जोरात ओढून पाहा. दुखणं नसलेल्या जागीही डाग उठेल. ओढ जास्त किंवा वेळ जास्त, की डाग गडद. पुढे तो हिरवट, मग पिवळा होत साधारण 1 ते 2 आठवड्यांत जातो, कारण शरीर सांडलेलं रक्त हळूहळू शोषून घेतं. रक्त गाळण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्वचा नाही.

मग आखडलेली पाठ मोकळी वाटते ती खोटी का? नाही. काहींना थोडा वेळ आराम पडतो, पण स्नायू लवकर भरून येतात याचे पुरावे कच्चे आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.