सोबत्याचा नोकर कसा झाला

‘पोराले नौकरी लागली का जी?’ नागपुरात शेजारच्या आजीबाईंकडून हा प्रश्न ऐकला नाही असा पदवीधर क्वचितच सापडेल. पुस्तकी मराठीत ‘नोकरी’, आमच्या तोंडी ‘नौकरी’. त्या ‘नौ’मध्ये हिंदीचा शेजार ऐकू येतो, पण शब्द मूळचा हिंदीही नाही.

तो आला फारसीतून आणि फारसीत आला मंगोलांबरोबर. मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे सोबती. आपलं कुळ सोडून स्वखुशीने एखाद्या सरदाराशी निष्ठा जोडणारा योद्धा हा त्याचा नोकोर. सरदाराने त्याला अन्न, वस्त्र, घोडा द्यायचा, लुटीत वाटा द्यायचा. चंगीझखानाची सत्ता अशाच सोबत्यांच्या बळावर उभी राहिली. तेराव्या शतकात मंगोलांनी इराण जिंकला, तेव्हा शब्द तिथल्या दरबारात रुजला आणि फारसीच्या वाटेने दख्खनेत उतरला. गंमत म्हणजे आजही मंगोलियात बायको नवऱ्याचा उल्लेख याच शब्दाने करते!

अर्थ घसरण्याला भाषाविज्ञानात अर्थापकर्ष म्हणतात. ‘नोकर’ त्याचं ठळक उदाहरण. सोबत्याचा सेवक झाला, मग घरात भांडी घासणारा माणूस. पण त्यालाच ‘ई’ लागून झालेली ‘नोकरी’ मात्र वर चढली. (हा ‘ई’देखील फारसीच, ‘दोस्ती’तला.) १८६१ साली मध्य प्रांताची राजधानी झालेल्या या शहरात तर कचेरीतल्या नोकरीला घराण्याची प्रतिष्ठा चिकटली. ‘कनिष्ठ नोकरी’ म्हणणारी जुनी म्हण इथे कधीच मागे पडली. एकाच मुळाच्या दोन शब्दांत मान इतका विषम वाटला गेला, हे मला फार बोचतं. घरकाम करणाऱ्या बाईंनाही महिन्याचा पगारच मिळतो. तो ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आलेला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘पैसे चुकते करणे’.

पगारी कामाचा आणखी एक शब्द नागपूरकरांनी विसरू नये: बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० नंतरच्या दशकात बंगालवर वारंवार चालून गेल्या. तिथे ‘बारगीर’चं ‘बर्गी’ झालं आणि अर्थ झाला लुटारू. बंगाली आया अजूनही अंगाईत बाळाला सांगतात, बर्गी आले.