ठेकेदाराच्या कामाची कागदपत्रे माहिती अधिकारातून कशी मागवावीत?

कचरा संकलन, रुग्णालयातील स्वच्छता किंवा पथदिव्यांची देखभाल ठेकेदाराकडे सोपवली, म्हणून त्या सेवेची जबाबदारी शासकीय कार्यालयाच्या किंवा नगरपालिकेच्या अंगावरून उतरत नाही. ठेकेदाराचे देयक जेथे मंजूर होते, त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येतच करारांचा उल्लेख आहे.

भारताचा कोणताही नागरिक हा अर्ज करू शकतो आणि माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ भरून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ असते, मात्र तसा दाखला जोडावा लागतो. एका अर्जात एकच विषय असावा व मजकूर १५० शब्दांत बसवावा.

खरी काळजी मागणीच्या शब्दांत घ्यावी लागते. ‘घंटागाडी रोज का येत नाही?’ असे विचारले तर हाती काहीच लागत नाही, कारण अधिकाऱ्याने अभिलेखात असलेली माहिती द्यायची असते, खुलासा करायचा नसतो. त्याऐवजी प्रभाग आणि महिना नेमका लिहून करारनामा, कार्यादेश, मंजूर देयके, गाडीचे लॉगबुक व दंडवसुलीच्या नोंदी यांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. गल्लीत गाडी आठवड्यातून तीनदाच फिरली आणि देयक मात्र पूर्ण महिन्याचे निघाले असेल, तर लॉगबुकची पाने देयकाशेजारी ठेवताच तफावत दिसते. माझ्या मते दंडाच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. करारातले दंडाचे कलम कधी वापरले गेले की नुसते कागदावरच राहिले, हे त्यांवरूनच कळते. बांधकाम असेल तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे.

उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. ठेकेदाराने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असल्यास कलम ११ नुसार त्याचे म्हणणे मागवले जाते व मुदत ४० दिवसांची होते. तरीही त्याची हरकत म्हणजे नकार नव्हे, निर्णय अधिकाऱ्यानेच करायचा असतो. उत्तर न आल्यास किंवा अमान्य असल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. दोन्हींचे शुल्क प्रत्येकी २० रुपये आहे.

प्रती हाती आल्यावर त्या जोडून आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, तीत करारातील संबंधित कलमाचा क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी.