चर्चमधल्या मैफली आणि १९८७ चं पत्र

जुन्या चर्चमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची एखादी मैफल झाली तर सहसा कुणाची हरकत नसते. वाद आहे तो मालिकेचा, म्हणजे हंगामभर ठरलेल्या दिवशी तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमांचा.

प्रथा तशी जुनी आहे. उत्तर जर्मनीत ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये १७व्या शतकातच उपासनेपासून वेगळ्या संध्याकाळच्या मैफली होत. १६७३ पासून त्यांना वर्षातले पाच रविवार ठरवून दिले गेले. खर्च व्यापारी उचलत आणि श्रोत्यांना प्रवेश मोफत असे.

आजच्या मालिका मात्र मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावल्या. लंडनच्या स्मिथ स्क्वेअरमधलं सेंट जॉन्स चर्च १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात आतून जळून गेलं आणि १९६९ मध्ये मैफलींचं सभागृह म्हणून पुन्हा उघडलं. इतरत्र कारणं साधी होती: गावात दुसरं सभागृह नाही, नळ्यांतून हवा सोडून वाजवायचा मोठा ऑर्गन चर्चमध्येच, आणि दगडी कमानींखाली आवाज कितीतरी सेकंद रेंगाळतो. संथ कोरसला तो गुंजारव शोभतो; चौघांच्या तंतुवाद्यवृंदाच्या द्रुत जागा मात्र एकमेकींत मिसळून जातात.

५ नोव्हेंबर १९८७ रोजी कॅथलिक पंथाचं केंद्र असलेल्या व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने या विषयावर पत्र काढलं. चर्च हे निव्वळ सार्वजनिक सभागृह नव्हे, ही त्याची मूळ भूमिका. कार्यक्रम पवित्र किंवा धार्मिक संगीताचाच हवा, प्रवेश सर्वांना खुला आणि मोफत हवा, वादकांनी वेदीच्या भागात बसू नये. बेटोव्हेनची वाद्यवृंदासाठीची सिंफनी कितीही उदात्त असली तरी या चौकटीत बसत नाही. खरी मेख पुढे आहे. बिशपने, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाने, परवानगी द्यायची ती प्रसंगापुरती. महोत्सव किंवा मैफलींची मालिका यांसाठी कायमची परवानगी नाही. सोय ठेवली ती एवढीच, की उपासना बंद झालेलं एखादं चर्च संगीतासाठी राखून ठेवता येईल.

मोफत प्रवेशाचा आग्रह रास्तच होता. देवघराच्या दारात तिकीटखिडकी नको, हे देव न मानणाऱ्यालाही समजतं. पण मालिकेवरची बंदी ऑर्गनवर अन्याय करणारी ठरली. हे वाद्य इमारतीत बांधलेलं असतं, उचलून सभागृहात नेता येत नाही, आणि न वाजवता ठेवलं की बिघडतं. त्याला नियमित श्रोते हवेत. वर्षातून एखाद्या प्रसंगाने ते मिळत नाहीत.

प्रत्यक्षात ‘प्रसंगापुरती’ची व्याप्ती स्थानिक बिशपच्या हाती राहिली. त्यामुळे कुठे तिकिटाऐवजी दाराशी ऐच्छिक देणगीची पेटी आली, तर कुठे मालिकेतल्या प्रत्येक मैफलीसाठी वेगळा अर्ज. प्रॉटेस्टंट आणि अँग्लिकन चर्चना हे पत्र लागूच नाही; तिथे दुपारच्या मोफत मैफलींपासून तिकीट लावलेल्या हंगामांपर्यंत सगळं चालतं.